धातूची चमक किती खोल?

अर्धापूरहून नांदेडला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने सचखंड गुरुद्वाऱ्याचा कळस कधी ना कधी पाहिलेला असतो. महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलेल्या या वास्तूच्या घुमटावरील कळस उन्हात असा झळकतो की डोळे दिपून जातात. पाहणाऱ्याला वाटते, हे सगळे सोने. वस्तुतः तो कळस तांब्याचा असून त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. आत तांबे, वर सोन्याचा पातळ थर. तरीही डोळ्यांना दिसते ते केवळ सोने. आतल्या तांब्याची चाहूलसुद्धा लागत नाही. असे का व्हावे?

वाचक बंधू-भगिनींनो, प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, विज्ञानाचा नव्हे. परंतु बँकेतील नोकरीमुळे सोन्याशी व सोने तारण ठेवणाऱ्या माणसांशी नित्य संबंध येतो. त्यातून "चमक म्हणजे नेमके काय?" हा प्रश्न मनात आला आणि त्याच्या उत्तरासाठी भौतिकशास्त्राची पुस्तके चाळावी लागली. दहावीच्या विद्यार्थ्यांना "धातूंना चकाकी असते" हे एक वाक्य पाठ असते. त्या वाक्यामागचे कारण थोडक्यात व सोप्या भाषेत सांगावे, आणि ते कारण आपल्या घरातल्या चार दागिन्यांच्या बाबतीत कसे उपयोगी पडते हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रकाश वस्तूवर पडतो तेव्हा

कोणत्याही वस्तूवर प्रकाश पडला की तीन गोष्टी संभवतात. काही प्रकाश परत फिरतो, त्याला आपण परावर्तन म्हणतो. काही आत शिरतो व शिरताना वळतो, ते अपवर्तन. आणि आत शिरलेल्यापैकी काही वस्तूतच जिरतो, ते शोषण. हे वाटप वस्तूगणिक बदलते. स्वच्छ पाण्यावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी शंभरातील सुमारे २ भाग परत येतात. काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ भाग येतात. लख्ख केलेल्या चांदीवरून मात्र ९५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक, ॲल्युमिनिअमवरून ९० च्या आसपास आणि लोखंडावरून साधारण ५५ ते ६० भाग परत येतात.

काच आणि चांदी यांच्यात एवढे अंतर का? दोन्ही घन, दोन्ही गुळगुळीत. फरक आहे तो आतल्या इलेक्ट्रॉनांत.

मोकळे आणि बांधलेले

इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली लावला. त्यानंतर तीनच वर्षांत, म्हणजे १९०० साली, पाउल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाने धातूंविषयी एक कल्पना मांडली. धातूतील काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसून धातूभर मोकळे फिरत असतात, अशी ती कल्पना होती. पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ गाभा टिकला.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर काचेतील इलेक्ट्रॉन म्हणजे दावणीला बांधलेली जनावरे. हाकलली तर जागच्या जागी थोडी हलतील, पण दावे सोडून जाणार नाहीत. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे गायरानात सोडलेला कळप. जरा हुसकावले की सगळा कळप एकदम हलतो. या कळपाची संख्याही लहानसहान नाही. एका घन सेंटिमीटर तांब्यात, म्हणजे साखरेच्या एका वडीएवढ्या तुकड्यात, सुमारे ८५ वर २१ शून्ये इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात.

प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लहर आहे. पिवळ्या प्रकाशाची लहर दर सेकंदाला सुमारे ५ वर १४ शून्ये इतक्या वेळा वरखाली होते. ही लहर धातूवर आदळली की तिच्या तालावर मोकळे इलेक्ट्रॉन हेलकावे खाऊ लागतात. हेलकावे खाणारा इलेक्ट्रॉन स्वतःही प्रकाशाची लहर सोडतो. या नव्या लहरींपैकी धातूच्या आत जाणारी लहर मूळ लहरीच्या नेमकी उलट असते. मूळ लहर वर जाते तेव्हा ही खाली. दोघी एकमेकींना मारतात आणि आत लवकरच अंधार होतो. बाहेरच्या बाजूला सुटलेल्या लहरीला मारणारे मात्र कोणी नसते. ती सरळ आपल्या डोळ्यांपर्यंत येते. तीच धातूची चकाकी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धातूवरून येणारा प्रकाश हा भिंतीवर आपटून परतलेल्या चेंडूसारखा नाही. तो धातूतील इलेक्ट्रॉनांनी नव्याने पाठवलेला प्रकाश आहे. म्हणूनच तो त्या धातूची ओळख घेऊन येतो. सोन्यावरून आलेला प्रकाश पिवळा व तांब्यावरून आलेला तांबूस, याचे मूळ यातच आहे.

धातूत प्रकाश वळतो का?

शाळेत अपवर्तन शिकवताना पाण्याचा पेला व त्यातील वाकडी दिसणारी पेन्सिल दाखवतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा सुमारे १.५. म्हणजे निर्वात पोकळीत प्रकाश ज्या वेगाने जातो, त्याच्या दीडपट कमी वेगाने काचेत जातो. मग धातूचा अपवर्तनांक किती? विद्यार्थ्यांना वाटते, धातूतून प्रकाश जातच नाही तर अपवर्तन कसले?

परंतु धातू पुरेसा पातळ केला की त्यातून थोडा प्रकाश पलीकडे जातो. आउगुस्ट कुंट या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवर धातूचे अत्यंत पातळ, एका बाजूला निमुळते होत जाणारे थर तयार केले, म्हणजे धातूचे लोलकच म्हणा ना. त्यांतून प्रकाश किती वळतो हे त्याने मोजले आणि १८८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते सर्वांना चकित करणारे होते. चांदीचा अपवर्तनांक ०.२७ आणि सोन्याचा ०.५८ निघाला. दोन्ही एकाहून कमी! आजची मोजमापे तर याहूनही लहान आकडे देतात.

एकाहून कमी अपवर्तनांक म्हणजे प्रकाश चांदीत निर्वात पोकळीपेक्षाही जलद जातो की काय? याचे उत्तर असे की, येथे जलद जातो तो केवळ लहरीचा चढ-उतार. ऊर्जा किंवा संदेश त्या वेगाने जात नाही. शेतात वाऱ्याने गव्हाच्या ओंब्यांवर लाट धावते, पण ओंबी जागेवरच असते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. आइन्स्टाइन यांनी घालून दिलेली मर्यादा त्याने मोडत नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काचेचे वर्णन एका आकड्याने होते, धातूला दोन आकडे लागतात. पहिला अपवर्तनांक, म्हणजे लहरीचा वेग सांगणारा. दुसरा क्षयांक, म्हणजे लहर आत किती झपाट्याने विझते ते सांगणारा. किती प्रकाश परत फिरेल याचा हिशेब या दोन आकड्यांवरून करता येतो. अपवर्तनांकातून एक वजा करून वर्ग करा, त्यात क्षयांकाचा वर्ग मिळवा. मग अपवर्तनांकात एक मिळवून वर्ग करा, त्यातही क्षयांकाचा वर्ग मिळवा. पहिल्या बेरजेला दुसरीने भागा.

काचेचा क्षयांक जवळजवळ शून्य. म्हणून ०.५ चा वर्ग ०.२५, भागिले २.५ चा वर्ग ६.२५, उत्तर ०.०४. म्हणजे शंभरात चार. पिवळ्या प्रकाशासाठी चांदीचा अपवर्तनांक ०.१५ व क्षयांक ३.६ धरला तर १३.६८ भागिले १४.२८, म्हणजे जवळपास ०.९६. शंभरात शहाण्णव! विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. आत जो प्रकाश झपाट्याने विझतो, तोच बाहेर बहुतांशी परत मिळतो, हे त्यातून कळून येईल.

सोने पिवळे का?

पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग असतात. चांदी व ॲल्युमिनिअम हे सर्व रंग जवळजवळ सारखेच परत पाठवतात, म्हणून ते पांढरे दिसतात. सोने तांबडा व पिवळा प्रकाश भरपूर परत पाठवते, पण निळ्या प्रकाशापैकी निम्म्याहून अधिक स्वतःच गिळते. कारण मोकळ्या इलेक्ट्रॉनांखेरीज सोन्याच्या अणूला बांधलेले काही इलेक्ट्रॉन असे आहेत की, निळ्या प्रकाशाची ऊर्जा त्यांना वरच्या पातळीवर उडी मारायला नेमकी पुरते. चांदीत ही उडी मोठी असल्याने तिला अतिनील प्रकाश लागतो, जो डोळ्यांना दिसत नाही.

सोन्याची उडी लहान का? सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या प्रचंड ओढीमुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. एवढ्या वेगाला सापेक्षतेचे नियम लागू होतात व त्याने अणूची सगळी रचना थोडी बदलते. हा परिणाम नसता तर सोने चांदीसारखेच पांढरे दिसले असते. म्हणजे ज्या पिवळेपणाची आपण एवढी महती गातो, तो सोन्याने राखून ठेवलेल्या निळ्या रंगाचा उणेपणा आहे.

सोने ठोकून अतिशय पातळ वर्ख केला व तो दिव्यासमोर धरला तर त्यातून पलीकडे हिरवट प्रकाश दिसतो. पिवळा परत गेला, निळ्याचा मोठा भाग गिळला गेला, उरला तो हिरवट. मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या अशा वर्खांवर पुष्कळ प्रयोग करून १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले होते.

थर किती पुरतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांदीत शिरलेला पिवळा प्रकाश सुमारे १३ नॅनोमीटर आत गेला की त्याचा जोर एक तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याचा साडेसात हजारावा भाग म्हणजे हे १३ नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटर खोलीवर तर प्रकाश हजारात एक भागसुद्धा उरत नाही. त्याखाली तांबे आहे, पितळ आहे की काच आहे, हे प्रकाशाला कळत नाही. जेथे प्रकाश पोहोचला नाही, तेथली खबर तो आपल्याला कशी देणार?

या एका गोष्टीचा मनुष्याने फार मोठा उपयोग करून घेतला आहे. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणींचा आरसा काचेसारख्या पदार्थाचा असतो, पण ताऱ्यांचा प्रकाश परत पाठवण्याचे काम त्यावरचा ॲल्युमिनिअमचा अत्यंत पातळ थर करतो. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशावर सोन्याचा थर आहे. कारण ती अवरक्त प्रकाश टिपते व सोने तो उत्तम परावर्तित करते. तिच्या आरशाचे क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आणि सोन्याचा थर १०० नॅनोमीटर. हिशेब केला तर सोने अडीच घन सेंटिमीटर, आणि एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम धरून वजन ४८.२५ ग्रॅम. दहा ग्रॅमच्या तोळ्याने पाच तोळेही नाही! एखाद्या लग्नात नवरीच्या अंगावर याहून अधिक सोने असते. एवढ्या सोन्यात मनुष्याने विश्वाच्या आरंभीच्या काळातल्या दीर्घिका पाहिल्या.

आपल्या शेजारी बीदरला होणारे बिदरी काम हेही याचेच सुंदर उदाहरण. १९५६ पर्यंत आपल्या बाजूचे उदगीर, निलंगा हे भागही बीदर जिल्ह्यातच होते. बिदरीच्या भांड्यासाठी जस्तात थोडे तांबे मिसळून ओतकाम करतात. ते मूळचे पांढरटच असते. नक्षीची रेघ नीट दिसावी म्हणून कारागीर त्यावर मोरचूद चोळून ते तात्पुरते काळे करतो, नक्षी कोरतो व तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. शेवटी बीदरच्या जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने भांडे चोळले की जस्ताची मिश्रधातू कायमची काळी पडते, चांदीवर मात्र परिणाम होत नाही. काळा थर प्रकाश गिळतो, चांदी परत पाठवते. दोन्ही धातूच. फरक केवळ वरच्या पापुद्र्याचा.

चमक जाते कशी?

चमक पापुद्र्यात असेल तर ती जातेही पापुद्र्यातच. हवेतील गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, तांब्यावर काट चढतो. हा थर फारच पातळ असतो, परंतु प्रकाशाचा सगळा व्यवहार तेवढ्याच जागेत चालत असल्याने भांडे मळकट दिसते. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते व तांबे पुन्हा हसू लागते. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराने आधी हाच मळ काढतो आणि मग कापसाच्या बोळ्याने कथिल फिरवतो. थोड्याशा कथलाने अख्खे पातेले चांदीसारखे पांढरे होते, आणि पितळी भांड्यात ताक कळकण्याची भीतीही राहत नाही.

पृष्ठभाग सपाट असणेही तितकेच आवश्यक. राखेने व वाळूने घासलेल्या भांड्यावर बारीक ओरखडे उठतात, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यात तोंड दिसत नाही. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतील काळा भाग हा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचाच असतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकच चांदी आरशाच्या मागे पांढरी आणि छायाचित्रात काळी!

चमक आणि कस

आता बँकेच्या खिडकीकडे वळू. पेरणीच्या आधी बियाणे-खतासाठी, शाळा-कॉलेज उघडताना फीसाठी आपल्या भागातील आया-बहिणी दागिने घेऊन तारण कर्जासाठी येतात. सराफ कसोटीच्या दगडावर दागिना घासतो, आम्लाचा थेंब टाकतो आणि कधी कधी मान हलवतो. आत तांबे किंवा चांदी, वर मुलामा. त्या वेळी "अहो, पण झळाळी तर बघा, वीस वर्षांत रंग गेला नाही," असे केविलवाणे शब्द ऐकू येतात. त्या माउलीचे डोळे खोटे नसतात. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढे सोने खरेच असते. मात्र डोळ्यांना शंभर नॅनोमीटरच्या पलीकडचे काहीच दिसत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

कसोटीचा दगड जुना असला तरी त्यामागचा विचार पक्का आहे. तो चमकेवर विश्वास न ठेवता दागिन्याचा थोडा अंश खरवडून काढतो. थर जाड असेल तर सराफ आडबाजूला कानशीने खाच करून आतला धातू तपासतो. क्ष-किरणांनी तपासणारी यंत्रेही आता आहेत. ती प्रकाशाहून कितीतरी खोल पाहतात, तरी जाड मुलाम्यापुढे त्यांचीही मर्यादा असते. नमुना वितळवून शुद्ध सोने वेगळे करणे हीच अंतिम परीक्षा.

घरी करता येईल अशी एक तपासणी वजनाची. भरीव दागिना आधी हवेत व मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. २२ कॅरटचा १० ग्रॅमचा भरीव दागिना पाण्यात साधारण ०.५६ ग्रॅम हलका भरतो. तेवढेच तांबे १.१ ग्रॅम हलके भरते. लाख भरलेल्या किंवा पोकळ दागिन्याला ही रीत चालत नाही. टंगस्टन या धातूची घनता सोन्याएवढीच असल्याने त्याची भेसळही हिने सापडत नाही. नवा दागिना घेताना हॉलमार्क पाहावाच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असणे बंधनकारक आहे. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने.

दुसरा धोका "दागिने उजळून देतो" म्हणत दारात येणाऱ्यांचा. एक भाग नायट्रिक व तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोने विरघळते. असा माणूस दागिना द्रावणात बुडवतो, पृष्ठभागावरचे सोने आपल्या भांड्यात उतरवून घेतो व दागिना परत देतो. दागिना सोन्याचाच राहिल्याने सोनेरीच दिसतो. मळही निघालेला असतो, म्हणून बाई खूश होते. घटते ते वजन, आणि घरी तराजू नसतो. उजळणी करायचीच असेल तर ओळखीच्या सोनाराकडे, समोर बसून आणि आधी-नंतर वजन करूनच करावी.

विद्यार्थी मित्रांनो, पाठ्यपुस्तकातील "धातूंना चकाकी असते" या वाक्यापुढे आता आणखी एक वाक्य लिहून ठेवा : ही चकाकी धातूच्या अगदी वरच्या थराची असते, आतल्या धातूविषयी ती काहीही सांगत नाही. हे वाक्य परीक्षेत विचारले जाईलच असे नाही. परंतु घरी जाऊन ते आईला, आजीला समजावून सांगा. त्यांनी पै-पैसा साठवून केलेली पोत किंवा डोरले केवळ रंगावर विसंबून कोणाच्या हाती देऊ नये, एवढे जरी त्यांच्या ध्यानात राहिले, तरी या विज्ञानाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.